वाचकांचे प्रश्न : लेट_इनिटकॉलनं चाललं, मग बिघडलंय कुठं?

प्रश्न : आमचं हीट ट्रीटमेंटचं युनिट आहे. भट्टीचं तापमान नोंदवायला लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड बसवलाय. के-टाइप थर्मोकपल, त्याला मॅक्स ३१८५५ ही चिप, आणि चिपचा सप्लाय चालू-बंद करणारी पिन आय-टू-सी बसवरच्या जीपीआयओ एक्सपांडरवर (बोर्डाला जादा पिना देणारी चिप). ड्रायव्हर आधीच्या इंजिनिअरनं लिहिलेला. मॉड्यूल म्हणून नंतर लोड केला की चालतो. कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, बिल्ट-इन केला की प्रत्येक वेळी चिप गायब, लॉगमध्ये अवाक्षर नाही. मी 'मॉड्यूल_इनिट'च्या जागी 'लेट_इनिटकॉल' लिहिलं आणि चाललं. असंच ठेवू का?
— एक वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर : ठेवू नका. तुम्ही ड्रायव्हरला जरा उशिरा उठवलंत एवढंच. दोष आहे तिथंच आहे.

तुमच्या पत्रातला कामाचा शब्द 'प्रत्येक वेळी'. बिल्ट-इन ड्रायव्हर कुठल्या क्रमानं सुरू व्हायचे हे इमेज लिंक होतानाच ठरतं. ड्रायव्हर सुरू करणाऱ्या फंक्शनांना इनिटकॉल म्हणतात; त्यांच्या, 'अर्ली' सोडली तर, पातळ्या ० ते ७. 'मॉड्यूल_इनिट' लिहिलेला ड्रायव्हर बिल्ट-इन केला की ६ व्या, म्हणजे डिव्हाइस पातळीत जातो. 'लेट' ही ७ वी. एकाच पातळीतले सगळे मेकफाइलमधल्या (कर्नल कसा बांधायचा ते सांगणाऱ्या फाइलमधल्या) क्रमानं. कर्नलच्या 'ड्रायव्हर्स' फोल्डरमधली मेकफाइल एकदा उघडून बघाच. जीपीआयओ पिनकंट्रोलच्या मागूनच यायला पाहिजे, रेग्युलेटर लवकर पाहिजेत, अशा टिपा तिथं लिहून ठेवल्यात. त्यामुळं नुसत्या क्रमाचा दोष असेल तर तो एकाच इमेजमध्ये रोज सारखाच दिसतो. 'कधी चालतं, कधी नाही' असं तुम्ही लिहिलं असतं, तर मी आधी असिंक्रोनस प्रोब (प्रोब म्हणजे ड्रायव्हरनं चिप शोधून ताब्यात घ्यायची पायरी; असिंक्रोनस म्हणजे ती बाकीच्यांना समांतर चालणं), सप्लाय स्थिर व्हायला लागणारा वेळ, नाहीतर सरळ सोल्डरिंग तपासायला सांगितलं असतं.

आता कर्नलच्या कमांड लाइनला 'इनिटकॉल_डीबग' आणि 'इग्नोर_लॉगलेव्हल' जोडा. कुठला इनिटकॉल कधी सुरू झाला, त्यानं काय परत केलं, किती मायक्रोसेकंद घेतले, सगळं छापून येईल. इथं भलेभले चकतात. तुमच्या ड्रायव्हरच्या ओळीत 'रिटर्न्ड ०' दिसणार, आणि वाटणार की सगळं ठीक आहे. त्या शून्याचा अर्थ ड्रायव्हरची नोंद झाली, बास. चिप खरंच हाताला लागली का हे प्रोब ठरवतो, आणि त्याची ओळ वेगळी असते. ती शोधा. माझा अंदाज, तिथं उणे १९ असेल.

उणे १९ म्हणजे 'ई-नो-डेव्ह' : असलं डिव्हाइसच नाही. प्रोबकडून हा आकडा आला की कर्नल एरवी काही बोलत नाही, म्हणून तुमचा लॉग कोरा. पण तुमच्या ड्रायव्हरला खालून आलेला आकडा वेगळा असणार. तो पिन मागतो तेव्हा एक्सपांडर अजून उठलेलाच नाही, आणि अशा वेळी जीपीआयओचा कोड उणे ५१७ देतो, 'ई-प्रोब-डिफर'. लग्नाच्या जेवणावळीत ५१७ म्हणजे 'मी पुढच्या पंगतीला बसतो', आणि १९ म्हणजे 'मला जेवायचंच नाही'. पहिल्याला यजमान परत हाक मारतात, दुसऱ्याला कशाला विचारतील? ड्रायव्हरमध्ये पिन मागितल्यानंतरच्या दोन-तीन ओळी वाचा. मिळालेला आकडा टाकून देऊन तिथं हातानं 'ई-नो-डेव्ह' लिहिलेलं सापडेल. ते काढा, खालून आलेला आकडा जसाच्या तसा वर जाऊ द्या. 'डेव्ह_एर_प्रोब' हे फंक्शन वापरलंत तर आणखी बरं, कारण ते डिव्हाइस का थांबलंय याचं कारणही नोंदवतं. मग डीबगएफएस (कर्नलची आतली माहिती फाइलींसारखी दाखवणारी फाइल सिस्टम) माउंट करून 'डिव्हाइसेस_डिफर्ड' ही फाइल वाचली की कोण कशासाठी थांबलंय ते कारणासकट दिसतं. आज तुमची चिप त्या यादीत नसेल. ती तिथं नसणं हाच माझ्या अंदाजाला पुरावा.

'लेट'वर का विसंबू नये? थांबलेल्या डिव्हाइसांना बूटमध्ये पहिल्यांदा परत बोलावणारा कोड स्वतःच एक 'लेट' इनिटकॉल आहे. उद्या बोर्ड बदलला, आय-टू-सी कंट्रोलरलाच क्लॉकसाठी थांबावं लागलं, तर तोही तिथंच उठणार आणि तुमचा ड्रायव्हरही त्याच पातळीवर. म्हणजे परत मेकफाइलचा क्रम. नाहीतर कुणीतरी एक्सपांडरचा ड्रायव्हर मॉड्यूल करेल आणि ७ वी पातळीही अपुरी पडेल. कोण कुणावर अवलंबून आहे ते डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डवर काय कुठं जोडलंय ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये) मांडायचं असतं, पातळ्या सरकवून नाही.

जाता जाता : या चिपचा ड्रायव्हर मूळ कर्नलमध्येच आहे. आधीच्या साहेबांनी वेगळा का लिहिला, अंबाबाईलाच ठाऊक.

प्रश्न : नवीन बोर्डवर यू-बूट (कर्नल मेमरीत आणून सुरू करणारा प्रोग्राम) 'स्टार्टिंग कर्नल' असं म्हणतो आणि पुढं काहीच नाही. 'इनिटकॉल_डीबग' लावूनही पडदा काळाच. कर्नल सुरूच होत नाही ना?
— एक वाचक, शिरोली एमआयडीसी

उत्तर : तसं म्हणता येत नाही. संदेश आधी मेमरीतल्या बफरमध्ये साठतात आणि कन्सोल नोंदवला गेला की मग बाहेर पडतात. बऱ्याच बोर्डांवर सिरियल पोर्टचा पूर्ण ड्रायव्हर डिव्हाइस पातळीवर उठतो. तो उठायच्या आधीच कर्नल मेला तर तो काय बोलला ते बफरमध्येच राहतं. कमांड लाइनला 'अर्लीकॉन' द्या, म्हणजे तो ड्रायव्हर उठायच्या आधीचे संदेशही बाहेर येतील. बोर्डच्या डिव्हाइस ट्रीमध्ये 'एसटीडीआउट-पाथ' नीट असेल तर नुसता शब्द पुरतो, नाहीतर यूआर्टचा, म्हणजे सिरियल पोर्टच्या हार्डवेअरचा, प्रकार आणि पत्ता लिहावा लागतो.

तरीही शांत असेल तर माझा आवडता जुना उपाय. 'सिस्टम.मॅप'मधून (कर्नलमधल्या नावांच्या पत्त्यांची यादी) '__लॉग_बफ'चा, म्हणजे त्या बफरचा, पत्ता काढा, त्यावरून रॅममधला पत्ता काढा, पॉवर न काढता बोर्ड रीसेट करा आणि यू-बूटच्या 'एमडी' कमांडनं ती जागा वाचा. रॅममधलं पुसलं गेलं नसेल तर शेवटची वाक्यं अक्षर न् अक्षर मिळतात. जेटॅग (प्रोसेसर बाहेरून थांबवून मेमरी वाचायची जोडणी) असेल तर एवढा खटाटोप नको.

प्रश्न : काका, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक्स८६ साठी छोटा कर्नल लिहितेय. 'एसटीआय' ही सूचना आली की क्यूएमू (कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम) रीसेट होतं, परत सुरू होतं, परत रीसेट. ती ओळ काढली की सगळं नीट. मग ओळ चुकीची आहे का?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : ओळ बरोबर आहे, जागा चुकली. 'एसटीआय' म्हणजे इंटरप्टना दार उघडणं. दार उघडलं की पहिला टायमर आत येतो, आणि जुन्या पीआयसीच्या (इंटरप्ट कंट्रोलर चिपच्या) मूळ मांडणीत त्याचा आयआरक्यू ०, म्हणजे इंटरप्टची ० क्रमांकाची लाइन, येते ८ व्या व्हेक्टरवर (व्हेक्टर म्हणजे प्रोसेसरला कळणारा इंटरप्टचा क्रमांक). तोच आकडा प्रोसेसरच्या डबल फॉल्टचा, म्हणजे एक फॉल्ट हाताळताना दुसरा उठण्याचा. आयडीटी (कुठल्या व्हेक्टरला कुठला हँडलर, हे सांगणारं टेबल) भरलेली नसेल तर तो इंटरप्टही घेता येत नाही आणि त्यातून उठलेला फॉल्टही नाही, शेवटी ट्रिपल फॉल्ट होऊन मशीन रीसेट. आधी आयडीटी भर आणि लोड कर, मग पीआयसी ३२ पासून पुढं सरकव, ज्यांचे हँडलर लिहिलेले नाहीत ते आयआरक्यू मास्क कर, आणि मग 'एसटीआय'. टायमरच्या हँडलरमधून परतताना पीआयसीला 'एंड ऑफ इंटरप्ट' कळवायचं विसरू नकोस, नाहीतर एकच टिक येईल आणि तू पुढं तासभर भलतीकडंच शोधत बसशील.

क्यूएमूला 'नो-रीबूट' आणि 'डी इंट' हे पर्याय दे. रीसेटच्या ऐवजी ते तिथंच बंद होईल आणि कुठले व्हेक्टर कुठल्या क्रमानं आले ते छापेल. ०८ पाठोपाठ ०डी (जनरल प्रोटेक्शन फॉल्ट) दिसलं तर वर लिहिलंय तेच घडतंय. अगदी सुरुवातीलाच ०ई (पेज फॉल्ट) दिसलं तर पेजिंगकडं बघ आणि पेज टेबलचा कोड पाठव.