विट्याला राहतो, मुलीसाठी पहिला लॅपटॉप घ्यायचाय. दुकानातून घेऊ की ऑनलाइन मागवू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलीला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, बजेट साठ हजार, राहायला विट्याला. सांगली-कोल्हापूरला जाऊन दुकानातून घ्यावा की ऑनलाइन मागवावा, आणि ऑनलाइनमध्ये फसवणूक होते का?

मी सांगलीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात काम करतो. ऑफिसचे आणि घरचे धरून आजवर सात लॅपटॉप माझ्या हातून खरेदी झाले. चार ऑनलाइन, तीन दुकानातून. फसलोय दोन्हीकडे. तुमच्या जागी मी असतो तर दुकानातून घेतला असता, दोन-अडीच हजार जास्त मोजून. पण मॉडेल घरी बसून ठरवलं असतं आणि चिठ्ठीवर लिहून खिशात घालून नेलं असतं. चिठ्ठी नसेल तर दुकानापेक्षा ऑनलाइन परवडलं.

चिठ्ठीचं एवढं कौतुक का, तर माझ्या बहिणीमुळे. तिने भाच्यासाठी दुकानातून लॅपटॉप घेतला. मला विचारलं नाही, मीही त्या आठवड्यात जीएसटीच्या रिटर्नमध्ये अडकलो होतो. काउंटरवरच्या पोराने सांगितलं, "मॅडम, रायझन ५ आहे, सात हजार सिरीज, एकदम लेटेस्ट. रॅम आठ आहे, पण नंतर कधीही वाढवून मिळेल." वर्षभराने भाचा रडकुंडीला आला, चार टॅब उघडले की मशीन बसतंय म्हणून. रॅम, म्हणजे चालू कामं पेलणारी मेमरी, वाढवायला मी मागचं झाकण उघडलं तर आत ती बसवायचा स्लॉटच नाही. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली. प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, होता एएमडी कंपनीचा रायझन ५ ७५२०यू.

आता प्रोसेसरबद्दल पोरगा खोटं बोलला का? लेबलवर रायझन ५ होतं, सात हजार सिरीजही होती. मेख आकड्यांत आहे. एएमडीच्या त्या सिरीजमध्ये पहिला आकडा बाजारात येण्याचं वर्ष सांगतो आणि आतली रचना कोणत्या पिढीची ते तिसरा आकडा सांगतो. ७५२०यू मध्ये तिसरा आकडा २, म्हणजे झेन २, मूळ २०१९ सालची रचना, चार कोर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग). शेजारच्या टेबलावर ७५३०यू असेल तर तिथे ३, म्हणजे झेन ३ आणि सहा कोर. दोन्हींवर स्टिकर सारखाच. शिवाय ७५२०यू ला सोल्डर केलेली रॅमच चालते, त्यामुळे "नंतर वाढवू" हा विषयच संपतो.

इंटेलवाल्यांचं वेगळं. तिथे शेवटचं अक्षर बघा. "तेरावी जनरेशन आय५" म्हणून १३३४यू पण विकतात आणि १३४२०एच पण विकतात. यू म्हणजे साधारण १५ वॅटचा, बॅटरी टिकवणारा. एच म्हणजे ४५ वॅटचा, जोरात पळणारा आणि गरम होणारा. दुकानात हमखास ऐकाल, "यात दहा कोर आहेत, त्यात आठच." बरोबर आहे, पण त्या दहांत मोठे, ताकदीचे कोर दोन आणि आठांत चार, बाकीचे छोटे. कॉलेजच्या प्रोग्रॅमिंगला दोन्ही चालतील, पण भाव करताना आपण नक्की काय घेतोय हे माहीत पाहिजे.

म्हणून चिठ्ठीवर "आय५, १६ जीबी" एवढंच लिहून भागत नाही. पूर्ण मॉडेल नंबर लिहा, शेपटासकट. उदाहरणार्थ एचपीच्या नंबरामागे टीयू, टीएक्स, एयू अशी अक्षरं असतात. टीयू म्हणजे इंटेल, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. टीएक्स म्हणजे वेगळं कार्ड आहे. एयू म्हणजे एएमडी. शेपूट बदललं की किंमत पाच-दहा हजारांनी हलते. कंपन्या काही मॉडेल फक्त ऑनलाइनसाठी आणि काही फक्त दुकानांसाठी काढतात, त्यामुळे "ऑनलाइनला हे मिळतच नाही साहेब" हे वाक्य पुष्कळदा खरंही असतं. मग त्याच प्रोसेसरचं, तेवढ्याच रॅमचं, तशाच स्क्रीनचं जवळचं मॉडेल शोधून तुलना करायची.

मुलीसाठी काय बघा: १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी (फाइली साठवायची जागा), आणि वरच्या ७५३०यू, १३३४यू किंवा १३४२०एच सारखा प्रोसेसर. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड नको. पहिल्या वर्षी सी आणि पायथॉन चालवायला ते लागत नाही. आणि "आत्ता ८ घेऊ, पुढे १६ करू" हा हिशेब आता जुना झाला, कारण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भलतेच चढलेत.

आता दुकानात जाऊन करायचं काय? हात लावायचा. हे ऑनलाइन कधीच मिळत नाही, आणि पहिल्या लॅपटॉपला तेच सगळ्यात महत्त्वाचं. मुलीला बरोबर न्या, तिलाच टाइप करायला सांगा, तुम्ही नको. कीबोर्डच्या मधोमध बोट दाबून बघा, पत्र्याच्या डब्यासारखा खाली जातो का. झाकण एका हाताने उघडून बिजागरी कशी आहे ते बघा. माझ्या पाहण्यात स्वस्तातल्या लॅपटॉपचं पहिलं दुखणं बिजागरीचं असतं. स्क्रीनवर नुसतं पांढरं पान उघडा आणि बाजूने बघा. दुकानवाले डेमोला निळ्या समुद्राचा व्हिडिओ लावून ठेवतात, त्यात कुठलीही स्क्रीन सुंदर दिसते. माहितीपत्रकात "२५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी" असं दिसलं तर रंग फिके असणार आणि खिडकीजवळ बसून काम करताना डोळे बारीक करावे लागणार.

आणि वजन. दुकानात लॅपटॉप नुसता उचलू नका, चार्जरसकट उचला. गेमिंगचा साधारण सव्वादोन किलोच्या पुढे, वर अर्धा किलोची चार्जरची वीट. मुलगी रोज एसटीने जाणार असेल तर डबा, पाण्याची बाटली आणि जर्नलांबरोबर ते ओझं तिच्या खांद्यावर येणार आहे. दीड किलोच्या आसपासचा घेतलात तर चार वर्षं तुमचे आभार मानेल.

भावाचं सांगतो. ऑफिससाठी शेवटचा घेतला तेव्हा एकच मॉडेल ऑनलाइन ५६,९९० ला होतं, कार्डाची सवलत धरून ५४,००० ला पडलं असतं. कोल्हापुरात राजारामपुरीत ५९,५०० सांगितले. मी फोनवरची किंमत दाखवली, तो ५७,५०० वर आला, बॅग आणि माउस वर. खाली यायला तयार नव्हता. मी घेतला. साडेतीन हजारांचा फरक ऑफिससाठी का सोसला ते पुढे कळेल. माउस तीन महिन्यांत गेला, बॅग अजून आहे.

भाव करताना एक युक्ती तुमच्यावरही होईल: "पक्कं बिल नको असेल तर दोन हजार अजून कमी करतो." नाही म्हणा. वॉरंटीचा सगळा खेळ बिलाच्या तारखेवर आणि बिलावरच्या सिरीयल नंबरवर चालतो. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे आणि छापील एमआरपीत तो धरलेलाच असतो, त्यामुळे ठरलेल्या भावावर "प्लस जीएसटी" म्हणाला तर तिथेच थांबवा. आणि धंद्याचं बोलतोच आहे तर, तुमचा स्वतःचा जीएसटी नंबर असेल तरी मुलीच्या लॅपटॉपच्या बिलावर टाकून क्रेडिट घेऊ नका. घरगुती वापराला ते मिळत नाही. दर वर्षी कोणीतरी हे करतं आणि निस्तरायला आमच्या टेबलावर येतं.

"नो कॉस्ट ईएमआय" ऑनलाइनही आहे आणि दुकानातही. फुकट नाही. साठ हजार सहा महिन्यांत, १५ टक्के दराने धरले तर व्याज साधारण २,५०० होतं. तेवढी सूट सुरुवातीला देतात, पण व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे साडेचारशेच्या आसपास, तुमच्या कार्डावर लागतो. वर प्रोसेसिंग फी. दुकानातल्या फायनान्सवाल्याची फाइल फी वेगळी, आणि कधीकधी तो विमाही हळूच चिकटवतो. सही करायच्या आधी एकूण किती भरायचे तो एकच आकडा कागदावर लिहून घ्या.

आता ऑनलाइनला मी कसा फसलो ते. खरं तर चूक माझीच होती. २०२२ च्या दिवाळी सेलमध्ये ऑफिससाठी एक मागवला. आला तेव्हा ऑक्टोबरची ऑडिटची धामधूम, खोका कपाटावर ठेवून दिला. नवव्या दिवशी उघडला तर स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात पांढरट डाग. बदलून देण्याची मुदत सात दिवसांची. मग ना विक्रेता दाद देईना ना ती साइट, कंपनीकडे जा म्हणाले. कंपनीने स्क्रीन बदलून दिली, पण माणूस यायला पंधरा दिवस गेले आणि तेवढे दिवस आमचा एक ऑपरेटर दुसऱ्याच्या मशीनवर रात्री बसायचा. त्यानंतरच मी ऑफिससाठी साडेतीन हजार जास्त मोजून दुकान धरलं. निदान जाऊन समोर उभं तरी राहता येतं.

तरीही तुम्ही ऑनलाइनच घेणार असाल, तर ऑर्डर करण्याआधी तुमच्या पिनकोडवर ओपन बॉक्स डिलिव्हरी आहे का बघा. त्यात डिलिव्हरीवाला तुमच्यासमोर खोका उघडतो, आपण बघतो आणि मगच ओटीपी सांगतो. पोरगं घाईत असतं, गाडी चालू ठेवून "साहेब ओटीपी बोला" म्हणतं. चहा पाजा, पण खोका उघडेपर्यंत ओटीपी देऊ नका. ही सोय नसेल तर सील फोडण्यापासूनचा व्हिडिओ एका दमात काढा, खोक्यावरचा आणि लॅपटॉपच्या बुडाचा सिरीयल नंबर दोन्ही त्यात दिसू द्या. तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कधीपासून चालू दाखवते ते त्याच दिवशी तपासा. सहा महिन्यांपूर्वीची तारीख दिसली तर बिल पाठवून दुरुस्त करून घेता येते, पण मागे लागायला हवं. विक्रेत्याचं नावही बघा. तुम्ही साइटवरून घेता असं वाटतं, प्रत्यक्षात बिल कोणा तिसऱ्याच दुकानाचं असतं.

कज्जा झालाच तर घाबरू नका. विक्रेता बेंगळुरूचा असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तुम्हाला सांगलीच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, कधीकधी तेवढ्यावरच काम होतं.

या सगळ्यापेक्षा विट्यासाठी मला महत्त्वाची वाटते ती दुरुस्ती. वॉरंटी "ऑनसाइट" (माणूस घरी येतो) आहे की "कॅरी-इन" (लॅपटॉप आपण घेऊन जायचा), आणि ऑनसाइट असेल तर तुमच्या पिनकोडला माणूस खरंच येतो का, हे त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून आधी विचारा. दुकानदाराला नको, तो "येतो की" म्हणणारच. सर्व्हिस सेंटर थेट पुण्यालाच असेल तर त्या कंपनीचं मॉडेल चार हजारांनी स्वस्त असलं तरी मी घेणार नाही. दोन फेऱ्यांत ते चार हजार संपतात, आणि मुलीच्या परीक्षेच्या तोंडावर एक फेरी ठरलेलीच.

घाई मात्र करू नका. पहिल्या सेमिस्टरला गणित, फिजिक्स, ड्रॉइंग असं सगळ्या शाखांना जवळपास सारखंच असतं, प्रोग्रॅमिंग कॉलेजच्या लॅबमध्ये भागतं. दसरा-दिवाळीच्या सेलपर्यंत थांबलात तर दुकानदारही त्या दिवसांत जरा वाकतो, कारण त्याचं गिऱ्हाईक फोनवर किंमत दाखवत उभं असतं. तोवर कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारून ठेवा, त्यांच्याकडे कुठला आहे आणि किती वेळा दुरुस्तीला गेला.

दोन-तीन मॉडेल डोक्यात बसली की इथेच खाली लिहा, बघून सांगतो. फक्त नंबर शेपटासकट लिहा, नुसतं "आय५" नको.