अक्कलदाढ काढल्यावर खड्ड्यात स्वतःच्याच रक्ताचं पीआरएफ भरावं का?

तुमची खालची अक्कलदाढ आडवी आहे. ती काढल्यावर खड्ड्यात तुमच्याच रक्तातलं पीआरएफ, म्हणजे प्लेटलेटने भरलेली मऊ गादी, भरतो, त्याचे पैसे वेगळे, असं डॉक्टर म्हणाले. ते घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी सांगलीत मुखशल्यचिकित्सक आहे, आठवड्यातून दोन-चार अशा दाढा काढते. माझं मत असं की पहिल्या आठवड्याच्या त्रासासाठी जरूर घ्या, पण हाड लवकर भरेल म्हणून घेऊ नका.

प्लेटलेट नुसतं रक्त थांबवत नाहीत. त्यांच्या आत बारीक कणांमध्ये पीडीजीएफ, टीजीएफ-बीटा, व्हीईजीएफ असे ग्रोथ फॅक्टर साठवलेले असतात. जखमेत ते सुटले की आसपासच्या पेशी तिकडे सरकतात, वाढतात, नव्या रक्तवाहिन्या तयार होतात. १९९८ मध्ये रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्यात हाडाचं कलम करताना पीआरपी, म्हणजे प्लेटलेट दाट केलेला रक्तद्रव, वापरलं आणि हाड लवकर पक्कं झाल्याचं मांडलं. तेव्हापासून आमच्या शाखेत यावर संशोधन सुरूच आहे. पण पीआरपीला आधी रक्त गोठू न देणारं औषध लागतं, नंतर गोठवायला कॅल्शियम आणि थ्रॉम्बिन. आणि त्यातले बहुतेक ग्रोथ फॅक्टर तासाभरात संपतात. २००१ मध्ये फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी काहीही न मिसळता रक्त लगेच मशिनमध्ये गरगर फिरवलं. नळीत खाली तांबड्या पेशी, वर पिवळसर पाणी आणि मधे फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठताना बनणाऱ्या धाग्यांची, मऊ गादी. हेच पीआरएफ. फायब्रिनच्या जाळीत अडकलेले घटक आठवडाभर, कधी त्याहून जास्त, हळूहळू झिरपतात.

आता बघा, ड्राय सॉकेटची ती असह्य कळ बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होते. खड्ड्यातली गुठळी निघून जाते आणि हाड उघडं पडतं. नेमक्या त्याच दिवसांत पीआरएफ तिथे असतं, म्हणून ड्राय सॉकेट आणि दुखणं कमी झाल्याचे निष्कर्ष बऱ्याच अभ्यासांत मिळतात. खड्डा हाडाने भरायला मात्र काही महिने लागतात. तोवर ही गादी विरघळून गेलेली असते. हाडाबाबतचे पुरावे कच्चे आहेत ते मला वाटतं यामुळेच.

सगळी गंमत वेगात आहे. तासगावहून आलेल्या एका मावशींची शीर मला पटकन सापडेना. रक्त थेंबथेंब आलं, नळी मशिनमध्ये जाईपर्यंत चार-पाच मिनिटं गेली आणि आतच सगळं गोठलं. गादी मिळालीच नाही. मी त्यांना तसं सांगितलं, त्याचे पैसे घेतले नाहीत आणि साधे टाके घालून जखम बंद केली. म्हणून डॉक्टरांना एवढं विचारा: सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त फिरवायचं मशिन, दवाखान्यातच आहे का? रक्त बाहेरच्या लॅबमध्ये पाठवणार असतील तर नकोच.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. आणि मिश्री किंवा तंबाखू लावत असाल तर निदान आठवडाभर तोंडाला लावू नका. तिच्यापुढे पीआरएफचंही फारसं चालत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.