८०५१ वर चालतं, एव्हीआरवर अॅक येत नाही

प्रश्न: ८०५१ मायक्रोकंट्रोलरवर आय-टू-सीचा (चिप्सनी दोन तारांवरून बोलायची पद्धत) कोड मी हाताने लिहिला होता, मस्त चालायचा. तोच एटीमेगा३२८ या एव्हीआर चिपवर आणला, एसडीएची (डेटाची तार) पिन आउटपुट करून पोर्ट रजिस्टरमध्ये १ लिहितो आणि नवव्या क्लॉकला तेच रजिस्टर वाचतो, तर कायम १च, अॅक (समोरच्या चिपने तार खाली ओढून दिलेली पोच) नाहीच. दुसऱ्या एका कोडात एसडीए हाय करायला डीडीआरमध्ये (पिनची दिशा ठरवणारं रजिस्टर, १ म्हणजे आउटपुट) ० टाकलाय. हे उलटं कसं काय?

उत्तर: तो कोड बरोबर आहे, आणि तुमची अडचण ८०५१ च्या सवयीतून आलीय. तिथे दिशेचं वेगळं रजिस्टरच नाही, १ लिहिला की पिन कमजोर पुल-अपवर (तार हलकेच वर ओढणारा भाग) राहते, समोरचा ती आरामात खाली ओढू शकतो, म्हणजे तिथे १ चा अर्थच 'सोडली' असा. एव्हीआरवर आउटपुट पिनला १ दिला की ती जोर लावून वर धरते, तिकडे स्लेव्ह (समोरची चिप) अॅकसाठी तीच तार खाली खेचतोय, मग नुसती रस्सीखेच! ऑसिलोस्कोप लावून बघा, नवव्या क्लॉकला लाइन धड खाली न येता मध्येच लटकलेली दिसेल. पिनच्या तब्येतीलाही हे चांगलं नाही.

म्हणून पोर्टचा बिट सुरुवातीलाच ० करा आणि परत त्याला हात लावू नका, सगळं डीडीआरने करायचं, तिथे १ म्हणजे तार खाली ओढली, ० म्हणजे सोडली, वर न्यायचं काम पुल-अपचं. मी तर फंक्शनचं नावच 'एसडीए सोड' ठेवतो, 'हाय' लिहिलं की हात आपोआप पोर्टकडे जातो.

आणि वाचायचं ते पिन रजिस्टर, तारेवर खरंच काय आहे ते तिथे दिसतं. पोर्ट वाचलं तर तुम्हीच लिहिलेला १ परत मिळणार, तारेवर काहीही असो. लिहिल्यावर लगेच वाचणार असाल तर मध्ये एक नॉप (काहीच न करणारी सूचना) टाका, कारण पिनची किंमत सिंक्रोनायझरमधून (ती चिपच्या क्लॉकशी जुळवणारं सर्किट) उशिरा येते.

पुल-अप रेझिस्टर बाहेरून लावा, ५ व्होल्टला ४.७ किलोओहम ठीक. आतला २० ते ५० किलोओहमचा असतो, तारेची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड धरली तरी ३५ किलोओहमला टाइम कॉन्स्टंटच ३.५ मायक्रोसेकंद होतो, आणि १०० किलोहर्ट्झला चढायला मुभा फक्त १ मायक्रोसेकंदाची.

एससीएललाही (क्लॉकची तार) हेच सगळं लागू, फक्त सोडल्यावर पिन रजिस्टरमध्ये ती खरंच १ झाली का बघून मगच पुढे जा, स्लेव्हला वेळ हवा असेल तर तो ती खाली धरून ठेवतो.