वाचक विचारतात: व्हॅटसिमवर कंट्रोलर व्हायचंय, पण एसओपी डोक्यात शिरत नाही

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्हॅटसिमवर, म्हणजे कॉम्प्युटरवर विमानं उडवणाऱ्या आणि त्यांना कंट्रोलर म्हणून सूचना देणाऱ्या हौशी लोकांच्या ऑनलाइन नेटवर्कवर, ऑब्झर्व्हर (नुसतं बघणारा) म्हणून नाव नोंदवलं, ट्रेनिंगच्या सगळ्या पीडीएफ तीनदा वाचल्या, पण युरोस्कोप (कंट्रोलरला रडार दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडला की काहीच आठवत नाही. पाठ कसं करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: अरे, पाठ करूच नकोस. एसओपीत, म्हणजे कंट्रोलरच्या कामाच्या ठरलेल्या पद्धतीच्या पुस्तिकेत, मुळात कामाची वाटणी लिहिलेली असते, कोणी कुठपर्यंत बघायचं आणि विमान पुढच्याच्या ताब्यात कधी द्यायचं, आणि ते विमानाच्या मागे मागे गेलं की आपोआप लक्षात राहतं. मुंबईचा ग्राउंड चार्ट प्रिंट करून घे, स्क्रीनवर नको, कागदावरच. मुंबईहून दिल्लीला निघालेलं एक ए३२० मनाशी धर आणि पेन्सिल स्टँडवर (विमानाच्या पार्किंगच्या जागेवर) ठेव. आता डिलिव्हरीने (निघण्याआधी मार्गाची परवानगी देणारा कंट्रोलर) क्लिअरन्स दिला, स्क्वॉक (रडारवर विमान ओळखायचा चार आकडी कोड) दिला, मग ग्राउंडने पुशबॅक (विमान मागे ढकलणं) आणि टॅक्सी (जमिनीवरून रनवेपर्यंत जाणं), होल्डिंग पॉइंटला (रनवेच्या अलीकडे थांबायची जागा) टॉवर, हवेत गेल्यावर रडारवाला. पेन्सिल जिथे थांबेल तिथे एसओपीतलं तेवढंच पान उघड, पुढचं नको. असे दहा-बारा प्रवास झाले की पीडीएफ बाजूला ठेवून स्वतःच्या अक्षरात एका पानावर लिही, ते पान मॉनिटरशेजारी चिकटव.

मुंबईत ०९/२७ आणि १४/३२ हे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे चार्टवर दोन दिसले म्हणून दोन्हीवर बिनधास्त विमानं सोडता येत नाहीत, आणि नवीन मुलं हमखास इथेच अडकतात. लोकलने घाटकोपरवरून जाताना डोक्यावरून खाली येणारी विमानं बघितली असशील ना, ती २७ वर उतरतायत, २७ म्हणजे साधारण २७० अंश, शेवटचं शून्य गाळलेलं. असं ओळखीच्या जागेशी जोडलं की चार्ट परका वाटत नाही.

आणखी एक, व्हॅटसिमवर वरचा कंट्रोलर खालचंही बघतो. ग्राउंड आणि डिलिव्हरीला कोणी बसलेलं नसेल तर टॉवरवाल्यालाच ते सांभाळावं लागतं, म्हणून एस१ (ग्राउंड-डिलिव्हरीचं रेटिंग) ची तयारी नीट झाल्याशिवाय एस२ (टॉवरचं रेटिंग) ची घाई करू नकोस.

प्रश्न: वय ४२, शाळा मराठी माध्यमातली. वाचून सगळं समजतं पण माईक दाबला की इंग्लिश बोलताना त त प प होतं. मेंटर म्हणतो रीडबॅक नीट ऐका, मला तर माझंच वाक्य संपवायची घाई असते.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: दादा, तुमचा मेंटर बरोबर सांगतोय आणि इंग्लिशची भीती तर पहिले काढून टाका, इथे साठ-सत्तर ठरलेली वाक्यं आहेत, त्यांच्या बाहेर जायचं कामच फारसं पडत नाही. उलट फाडफाड इंग्लिश बोलणारा जास्त चुकतो कारण तो स्वतःची वाक्यं घालतो.

रीडबॅक म्हणजे पायलटने तुमचं बोलणं परत म्हणून दाखवणं. रनवे, होल्ड शॉर्ट (रनवेच्या अलीकडे थांबायची सूचना), उंची, हेडिंग (विमानाची दिशा), स्क्वॉक, क्यूएनएच (उंचीमापक लावायचा हवेचा दाब), हे त्याने परत म्हटलंच पाहिजे, नुसतं रॉजर चालत नाही, पुन्हा विचारायचं. स्क्वॉकमध्ये ० ते ७ एवढेच आकडे असतात, म्हणून ८ किंवा ९ ऐकू आला की कोणीतरी चुकलंय. मी शिकवताना मुलांना बोलायच्या आधी वाक्य कागदावर लिहायला लावतो आणि पायलट परत म्हणत असताना त्यावर बोट फिरवायला लावतो, कान आपोआप तिथे जातो.

हे एवढं ताणून का सांगतोय, तर २७ मार्च १९७७ ला तेनेरिफेला धुक्यात दोन जंबो रनवेवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. केएलएमच्या विमानाला पुढच्या मार्गाचा क्लिअरन्स मिळाला होता, टेकऑफचा नव्हता, तरी ते धावायला लागलं. तेव्हापासून टेकऑफ हा शब्द फक्त टेकऑफची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरायचा, बाकी सगळीकडे डिपार्चर. तुमच्या पीडीएफमध्ये हा नियम एका ओळीत असेल, पण त्या ओळीमागे काय आहे ते माहीत असू द्या. आपल्याकडे कॉम्प्युटरवर कोणाचा जीव जात नाही हे खरं, पण समोरचा पायलट दोन तास फ्लाइट लावून बसलेला असतो, त्याचा मान ठेवायचा.

प्रश्न: मुलगा नववीत आहे. शनिवारी रात्री उशिरापर्यंत हेडफोन लावून विमानं उतरवतो. यातून पुढे नोकरी मिळेल का, की मी बंद करायला लावू?
— एक आई, विलेपार्ले

उत्तर: ताई, बंद नका करू. पण व्हॅटसिमचं रेटिंग खऱ्या नोकरीत धरत नाहीत हे त्याला आत्ताच स्पष्ट सांगा. खऱ्या कंट्रोलरसाठी एअरपोर्ट्स अथॉरिटीच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह भरतीला फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग लागतं, परीक्षा असते, मेडिकल असते, आवाजाची चाचणी असते, आणि मग ट्रेनिंग. म्हणजे त्याला यात खरंच जायचं असेल तर दहावीचं गणित आणि सायन्स सोडून चालणार नाही. वेळ ठरवून द्या, शनिवारी साडेदहापर्यंत वगैरे, पण मधेच वीज बंद केल्यासारखं उठवू नका, त्याच्या स्क्रीनवर तेव्हा चार-पाच विमानं असतात, ती दुसऱ्याकडे द्यायला दहा मिनिटं लागतात. त्यालाच सांगा, दहा वाजून वीस मिनिटांनी हॅंडओव्हर सुरू कर.