फॉर्मच्या शीर्षकातला ‘&’ जातो कुठे?

प्रश्न : आमच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमधील नोंदींसाठी मी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या माहितीसाठ्याच्या प्रणालीत फॉर्म तयार केला आहे. ‘खते & औषधे’ असे शीर्षक दिले की ‘&’ नाहीसा होतो आणि तेथे नुसती बारीक रेघ दिसते. तसेच ‘भाव ₹/किलो’ हे लेबल प्रतवारीनुसार कोडमधून बदलायला गेलो, तर सगळी प्रश्नचिन्हेच उमटतात. काय करावे?
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत (जि. नाशिक)

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत. लेबलच्या मजकुरातील ‘&’ हे ॲक्सेस अक्षर म्हणून वाचतच नाही; त्याच्या पुढच्या अक्षराखाली रेघ ओढायची आणि ऑल्टसोबत ते अक्षर दाबले की कर्सर त्या लेबलशी जोडलेल्या रकान्यात न्यायचा, असा आदेश तो समजतो. आपल्या शीर्षकात ‘&’ नंतर मोकळी जागा असल्याने रेघ तिच्याखाली आली. कॅप्शनमध्ये (म्हणजे लेबलवर दिसणाऱ्या मजकुरात) ‘खते && औषधे’ असे दोनदा लिहिले की पडद्यावर एकच ‘&’ दिसेल. बागायतदारांच्या फर्मची नावे टेबलमधून येत असतील आणि त्यांत ‘& सन्स’ असेल, तर ती लेबलऐवजी टेक्स्टबॉक्समध्ये दाखवावीत, कारण टेक्स्टबॉक्स ‘&’ जसाच्या तसा दाखवतो.

प्रश्नचिन्हांचे मूळ कोड लिहिण्याच्या खिडकीत आहे. प्रॉपर्टी शीटमध्ये (लेबलचे गुणधर्म भरण्याच्या तक्त्यात) युनिकोड, म्हणजे जगभरच्या लिप्यांतील अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत, चालत असल्याने तेथे टंकलेले ‘भाव ₹/किलो’ नीट दिसते. कोडची खिडकी मात्र अजूनही विंडोजच्या जुन्या अक्षरकोष्टकावर चालते आणि आपल्याकडील बहुतेक संगणकांवर त्या कोष्टकात ना देवनागरीला जागा आहे ना ₹ ला. रुपयाचे चिन्हच मुळात २०१० मध्ये ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आले; ते कोष्टक त्याच्या कितीतरी आधीचे. याउलट ° आणि ² ही चिन्हे त्यात असल्यामुळे कोडमध्येही शाबूत राहतात. (ऑल्ट दाबून उजवीकडच्या अंकपट्टीवर ०१७६ टंकले की ° येते, ०१७८ टंकले की ².)

एकट्या ₹ पुरते ‘सीएचआरडब्ल्यू’ या फंक्शनला ८३७७ हा क्रमांक द्यावा. मात्र कोडमधील आकडे इंग्रजीच असावेत, येथे छापले आहेत तसे मराठी नव्हेत. पण ‘भाव’ आणि ‘किलो’ यांतील प्रत्येक अक्षर, काना आणि वेलांटी अशी क्रमांकांनी जुळवत बसणे म्हणजे निव्वळ शिक्षा आहे. त्यापेक्षा शीर्षकांसाठी दोन रकान्यांचे छोटे टेबल करावे, एकात इंग्रजीत संकेत आणि दुसऱ्यात पूर्ण मराठी मजकूर ठेवावा, आणि कोडने संकेत शोधून तो मजकूर लेबलमध्ये भरावा. मजकूर कोडच्या खिडकीत टंकलाच जात नसल्याने प्रश्नचिन्हे येत नाहीत, आणि उद्या शब्द बदलायचा झाला तर कोडला हात लावावा लागत नाही. मी स्वतः हीच पद्धत वापरतो.

फॉन्टकडेही पाहावे. एका लेबलला एकच फॉन्ट लागतो. मजकूर युनिकोडपूर्वीच्या एखाद्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेला असेल, तर ₹ साठी फॉन्ट बदलताच सगळ्या शीर्षकाची अगम्य अक्षरे होतील. तो युनिकोडमध्ये पुन्हा टंकून निर्मला यूआय हा फॉन्ट द्यावा. मात्र ही सारी चिन्हे कॅप्शनपुरतीच ठेवावीत. टेबलमधील फील्डचे नाव साधे असावे. पूर्णविराम, उद्गारचिन्ह आणि चौकटी कंस तर ॲक्सेस त्यात घेतही नाही.