डच ‘व्हरलेगेन’चं मूळ: ठेवणं की पडून राहणं?

प्रश्न असा आहे: डचमध्ये लाजऱ्या, भिडस्त माणसाला ‘व्हरलेगेन’ आणि भिडस्तपणाला ‘व्हरलेगेनहेइड’ म्हणतात. ‘लेग्गेन’ म्हणजे ठेवणं, तर ‘व्हरलेगेन’ म्हणजे भलत्या जागी ठेवलेला, म्हणून गांगरलेला, असं आहे का? (इथे शब्द स्पेलिंगप्रमाणे लिहिलेत, उच्चारात हा ‘ग’ खरखरीत ‘ख’सारखा येतो.)

तर्क सुचण्याजोगा आहे, पण व्याकरण आड येतं. ‘लेग्गेन’ हे नियमित क्रियापद. त्याला ‘व्हर’ हा उपसर्ग लागून ‘व्हरलेग्गेन’, म्हणजे हलवणं, असं क्रियापद होतं आणि त्याचं धातुसाधित, म्हणजे ‘हलवलेला’ हे रूप, ‘व्हरलेग्ड’. ‘-लेगेन’ हा शेवट येतो तो ‘लिग्गेन’चा, म्हणजे पडून असण्याचा: लिग्गेन (मूळ रूप), लाग (भूतकाळ), गेलेगेन (धातुसाधित). ‘व्हर’ हा उपसर्ग लागला की सुरुवातीचा ‘गे’ गळतो आणि उरतं ‘व्हरलेगेन’.

या ‘व्हर’मध्ये अतिरेक किंवा बिघाड आहे. ‘स्लापेन’ म्हणजे झोपणं, तर ‘झिख व्हरस्लापेन’ म्हणजे वेळेवर जाग न येणं. तसं ‘व्हरलेगेन’ म्हणजे फार काळ पडून राहून खराब झालेलं. जुन्या व्यापारी भाषेत हे विशेषण दुकानात पडून विटलेल्या मालाला लागे. माणसाबाबत आधी सुस्तावलेला, मग काय करावं ते न सुचणारा आणि शेवटी लाजरा असा अर्थ सरकत गेला.

जर्मन भावंड इथे पुरावा देतं. हार्टमान फॉन आउए या कवीच्या बाराव्या शतकाच्या अखेरीच्या ‘एरेक’ काव्यात नायक लग्नानंतर बायकोसोबत लोळत राहतो आणि सरदाराची कर्तव्यं विसरतो. त्यासाठी तिथे ‘झिख फेरलिगेन’ हेच क्रियापद आहे. आजच्या जर्मनमध्येही ‘फेरलेगेन’ म्हणजे ओशाळलेला.

मधला, ‘काय करावं सुचेना’ हा टप्पा डचमध्ये अजून जिवंत आहे, आणि शिकणारे नेमके तिथेच अडखळतात. नुसतं ‘व्हरलेगेन’ म्हणजे लाजरा. सोबत ‘मेत’ (सह) आलं की त्या गोष्टीचं करायचं काय ते कळत नाही. ‘ओम’ (साठी) आलं की तिची नड आहे: ‘ओम गेल्ड व्हरलेगेन’ म्हणजे पैशांची चणचण असलेला, पैसे मागायला लाजणारा नव्हे.

‘लाजरा’ याच अर्थाचा ‘स्खुख्तेर’ मात्र वेगळ्या घराण्यातला. तो ‘स्ख्यूव’च्या, म्हणजे दचकून दूर पळणाऱ्या जनावराच्या गोतावळ्यात बसतो. आपला ‘बुजरा’ घोड्याच्या बुजण्यातून आला, तीच वाट.