शेपूट नाही म्हणून एप ठरत नाही

बार्बरी मकाक या उत्तर आफ्रिकेतल्या माकडाला शेपूट दिसत नाही, मग तो गिबन-चिंपांझींच्या, म्हणजे एपच्या, गटात का नाही, आणि डीएनए असताना हाडे-दात कशाला तपासायचे, हे तुमचे दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

नुसत्या साम्यावरून नाते ठरत नाही. हाताला पाच बोटे माणसाला असतात, लेमूरला असतात आणि सरड्यालाही असतात. इतक्या जुन्या लक्षणावरून प्रायमेटांमध्ये (लेमूर, माकडे, एप आणि माणूस यांच्या गटात) कोण कोणाच्या जवळचे, हे कळणार कसे? एखाद्या शाखेत नव्याने आलेले आणि तिच्या वंशजांत उतरलेले लक्षणच इथे कामाचे. विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० मध्ये ही शिस्त नीट मांडली.

आता मकाकची खालची दुसरी दाढ बघा. तिच्यावर चार उंचवटे, दोन-दोनच्या जोडीत, आणि प्रत्येक जोडी आडव्या धारेने सांधलेली. ही रचना आफ्रिका-आशियातल्या माकडांची खूण आहे. एपच्या खालच्या दाढेवर पाच उंचवटे असतात आणि मधल्या खाचा इंग्रजी वाय अक्षरासारख्या दिसतात. गंमत अशी, की पाच उंचवट्यांची ठेवण जुनी आहे, आडव्या धारा नव्या. म्हणून धारांचे वजन जास्त. मकाकची शेपूट त्याच्या शाखेत स्वतंत्रपणे आखडली, एपची वेगळी.

हाडेही चकवतात, हे मान्य करायलाच हवे. गोरिला आणि चिंपांझी दोघेही बोटांच्या पेरांवर भार देऊन चालतात, म्हणून ते एकमेकांचे सख्खे वाटतात. डीएनएनुसार मात्र चिंपांझी आपल्या जास्त जवळचा. उलट मनगट खरे बोलते: ओरांगउटान आणि गिबनमध्ये सहसा सुटे राहणारे एक छोटे हाड माणूस, चिंपांझी आणि गोरिलात शेजारच्या हाडाशी जुळून जाते. मानवी गर्भात ते आधी कूर्चेच्या रूपात वेगळे दिसते, मग मिसळते. मला हा पुरावा फार आवडतो.

आणि जीवाश्मांचे काय? कोट्यवधी वर्षे डीएनए टिकत नाही. इजिप्तच्या फायुममधला सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचा इजिप्टोपिथेकस हा प्रायमेट घ्या. जबड्याच्या प्रत्येक बाजूला दोनच उपदाढा, म्हणजे आफ्रिका-आशियातली माकडे आणि एप यांच्यासारख्या. पण त्या दोघांच्या कानात असणारी हाडाची नळी त्याच्याकडे नाही. म्हणून त्याला या दोन शाखा फुटण्याच्या आधी ठेवतात.